पाटीवर मेलेले ३, गावात नावं निघाली ६. पहिल्या महायुद्धातली माणसं शोधायची कशी?

जगबुडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खेड तालुक्यातलं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो आणि ग्रामस्थ मंडळाचं चिटणीसपद गळ्यात पडलं, त्यामुळे हे निस्तरणं माझ्याकडे आलंय.

जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. "या गावातून ४१ माणसे १९१४-१९ च्या महायुद्धावर गेली. पैकी ३ मरण पावली." बस्स, एवढंच. नाव एकाचंही नाही. लहानपणी त्या पाटीला टेकून आम्ही गोट्या खेळलो, पण ते ३ कोण हे कुणी विचारलं नाही. आता चावडी पाडून मुंबई मंडळाच्या पैशातून सभागृह व्हायचंय आणि मुंबईकरांचं म्हणणं असं की नव्या ग्रॅनाइटवर त्या तिघांची नावं कोरू. चांगलीच गोष्ट. शिमग्याला सगळे चाकरमानी गावात असतात म्हणून पालखी सहाणेवर बसल्यावर सभा लावली. नावं सांगा म्हटलं, तर सहा आली.

वरच्या वाडीतले तिघे पलटणीतले. एक बगदादच्या अलीकडे गोळी लागून गेला म्हणतात. दुसरा तुर्कांच्या कैदेत गेला तो गेलाच. तिसरा जखमी होऊन मुंबईच्या इस्पितळापर्यंत पोचला, घरी मात्र त्याची ट्रंक आली. कुणबीवाडीतला एक खेचरं हाकायला गेला होता, त्याच्या हातात बंदूक नव्हती. मोहल्ल्यातला एक बोटीवर आगवाला होता, म्हणजे बॉयलरच्या भट्टीवर, बोट बुडाली. आणि बौद्धवाडीतला एक १९१७ साली महार पलटणीत भरती झाला, लढाई संपल्यावर परत आला आणि १९१९ च्या पावसाळ्यात घरीच खोकून खोकून वारला.

यातले तीन कुठले? वरची वाडी म्हणते आमचेच तिघे, हिशोब जुळला, सभा संपवा. बाकीच्या वाड्या गप्प बसल्या, पण ते गप्प बसणं काय असतं ते गावात राहणाऱ्यालाच कळतं. शेवटी पालखीच्या मानपानावर विषय गेला आणि सभा मोडली.

मला दोन गोष्टी हव्यात. कागद कुठे मिळतील? आणि त्या काळी ही माणसं मोजली कशी?

पलटणवाला (उत्तर)

जय शिवाजी. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. सध्या मुक्काम चिपळूण.

चिटणीस साहेब, तुमच्या वरच्या वाडीच्या तिन्ही गोष्टी एकाच मोहिमेतल्या वाटतात. रत्नागिरी जिल्ह्यातली भरती मुख्यतः मराठा पलटणींत होई आणि त्यातल्या तीन, म्हणजे १०३, ११० आणि ११७, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कमांडर जनरल टाउनशेंड.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे सलमान पाकला लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत टेसिफॉन. डिव्हिजनची साडेचार हजारांवर माणसं पडली. त्यात जागेवर मेलेले हजाराच्या आत, बाकी जखमी. आता पुढचं ऐका, कारण तुमचा तिसरा माणूस यात सापडेल. जखमींना नदीपर्यंत न्यायला रसदीच्या लोखंडी गाड्या, स्प्रिंग नाही, गादी नाही. मांडी मोडलेला माणूस त्यात घालून मैलोगणती खडबडीत जमिनीवरून न्यायचा. तिथून आगबोटीने बसरा. मेजिदिया नावाच्या बोटीवर सुमारे ६०० जखमी कोंबले होते. बसऱ्याला लागताना कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरने ती पाहिली. लांबून वाटलं कठड्यावरून दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती हगवणीने बेजार झालेल्या माणसांची घाण होती. उठता येत नव्हतं त्यांना. डॉक्टरने तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यालाच दम दिला. पुढे १९१७ च्या चौकशी अहवालात हे सगळं छापून आलं, म्हणून आपल्याला माहीत.

उरलेली डिव्हिजन मागे हटली आणि कुत-अल-अमारा गावात वेढली गेली. १४७ दिवस. घोडे, खेचरं मारून खाल्ली. आपल्या जवानांनी घोड्याचं मांस बरेच दिवस नाकारलं. धर्माचा प्रश्न होता, शिवाय गावी कळलं तर वाळीत टाकतील ही भीती. मग हिरड्या सुजल्या, दात हलले, जखमा भरेनात. सोडवायला आलेल्या फौजेची २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि आत होती सगळी मिळून १३,००० च्या आसपास! हे गणित मी क्लासमध्ये शिकवायचो तेव्हा पोरं म्हणायची, साहेब, आकडा उलटा लिहिलात.

२९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलं. बगदाद रेल्वेच्या कामावर रास अल-ऐनला आणि डोंगरातल्या बोगद्यांवर जुंपलं. हिंदी कैद्यांपैकी सुमारे तीन हजार परत आले नाहीत. गोऱ्या शिपायांचं प्रमाण त्याहून वाईट, अडीच हजारांतले सतराशेवर गेले. टाउनशेंड साहेब तेवढे इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात, नोकरचाकरांसह. मी फौजेचा माणूस आहे, अधिकाऱ्याविरुद्ध सहसा बोलत नाही. इथे बोलतो.

कैद्यांचं मरण लढाईच्या हिशोबात धरत नाहीत, ही सगळीकडची गोष्ट. स्टालिनग्राडला फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ९१,००० जर्मन पकडले गेले, घरी परतले जेमतेम पाच-सहा हजार. लढाई संपली म्हणून तारीख लिहून मोकळे झाले, माणसं त्यानंतर मरत राहिली.

कागदासाठी: पलटणींचे नंबर १९२२ मध्ये बदलले, ११० ची झाली तिसरी बटालियन, ११७ ची पाचवी. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहिताना जुना नंबर टाका. सर्व्हिस नंबर असेल तर उत्तमच. घरात मेडल आहे का बघा. कडेवर नंबर, नाव, पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते.

शाईपेन (उत्तर)

सुभेदार साहेबांनी मोहीम सांगितली, मी मोजणीबद्दल लिहिते. रत्नागिरीत कॉलेजात इतिहास शिकवते.

तुमच्यासारख्या पाट्या तेव्हाच्या सरकारने देशभर गावोगाव बसवल्या. मजकूर सगळीकडे जवळपास एकच, आकडे तेवढे वेगळे. तिथे नावं नाहीत हा गावचा निष्काळजीपणा नव्हे. बसऱ्याचं स्मारक घ्या. थडगं सापडलं नाही अशा ४०,५०० हून अधिक लोकांसाठी ते उभारलं. त्यात इंग्रज शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं आहे. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि खाली आणखी इतके शिपाई, असा आकडा. फ्रान्समध्ये नव शापेलला हिंदी शिपायांची ४,७०० वर नावं व्यवस्थित कोरली आहेत, कारण तिथे युरोपातले लोक बघायला येणार होते. हे माझं मत. पण २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने (ही थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) स्वतःच्या चौकशी अहवालात वर्णभेदामुळे असं घडल्याचं मान्य केलं. किमान ४५,००० जणांची स्मृती दुजाभावाने जपली गेली आणि आणखी लाखाहून अधिक लोकांची नावं कुठेच नोंदली नसावीत, असा त्यांचाच निष्कर्ष.

याच्या उलट फ्रान्समधली सोमची लढाई. १ जुलै १९१६. एका दिवसात ब्रिटिश सैन्यातले १९,२४० मेले. जखमी आणि बेपत्ता धरून ५७,४७०. तिथल्या थिएपव्हाल स्मारकावर बेपत्तांची ७२,००० हून जास्त नावं कोरलेली आहेत. म्हणजे इतक्या संहारातही ज्याची नोंद करायची त्याची केली गेली. व्हर्दनला तर ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० जर्मन-फ्रेंच सैनिकांची हाडं एकाच इमारतीत एकत्र ठेवली आहेत. मरताना शत्रू होते, आता वेगळे काढता येत नाहीत.

आता तुमचे सहा. खेचरवाला हिशोबात असेलच असं नाही. १९१९ अखेरपर्यंत हिंदुस्थानातून जे साडेचौदा लाखांच्या आसपास लोक भरती झाले त्यांत साडेपाच लाखांवर बिनलढाऊ होते: खेचरवाले, डोलीवाले, भिस्ती, मजूर, धोबी, आचारी. कुतमध्ये शरण गेलेल्यांतही तीन हजारांवर असेच होते. उपासमार त्यांनाही तेवढीच झाली.

बौद्धवाडीतल्या आजोबांचं जास्त अवघड. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्याआधी पंचवीस वर्षं महारांची भरतीच बंद होती. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर महार सुभेदार-जमादार राहत, त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज केले होते. कमिशन ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं, पण नोकरीतून सुटल्यावर घरी मेलेल्याचा आजार नोकरीमुळेच झाला हे सिद्ध व्हावं लागतं. १९१९ च्या पावसाळ्यात खेडच्या एका महारवाड्यात ते सिद्ध कोण करणार होतं? शिवाय तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होऊन गेलेली. तो ताप जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरला आणि गिरणीतून गावी परतणाऱ्यांबरोबर कोकणात आला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, लढाईत मेलेल्या हिंदी शिपायांच्या शंभरपटीहून अधिक. सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजांतून पसरलेली साथ लढाईच्या खर्चात धरायची की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात.

करायचं असं: कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीचं नाव टाका आणि जास्तीच्या माहितीच्या रकान्यात रत्नागिरी शोधा. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. इंग्रजी स्पेलिंग भयानक आहे, चार प्रकारे लिहून बघा. दुसरं, तलाठ्याकडे १९१६ ते १९२५ चे फेरफार काढा. वारस नोंद झाली असेल तर मृत्यूचं साल आणि कधीकधी कारणही मिळतं.

दाभोळखाडी (उत्तर)

सलाम मंडळी. पस्तीस वर्षं जहाजावर काढली, सारंग म्हणून उतरलो. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस बोटीवर असायचा.

चिटणीस भाऊ, तुमचा आगवाला पाटीवरच्या तिघांत नसणार. पाटी फौजेची, तो कंपनीचा नोकर. त्याचं नाव शोधायचं तर मुंबईला जा. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे पहिल्या लढाईत समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांची नावं आहेत. दुसऱ्या लढाईतली जवळपास साडेसहा हजार. मी स्वतः बघितलीत. आपल्याकडची नावं वाचताना उभं राहवत नाही, आडनाव गावावरून लावलेलं, त्यामुळे गावं समोर येतात.

लोक विचारतात, खलाशी एवढे मेले कसे, ते काय लढत होते? भाऊ, पाणबुडीचा टॉर्पेडो पाण्याखाली लागतो. पाण्याखाली काय असतं? इंजिन आणि बॉयलर. तिथे कोण? आगवाले आणि कोळसेवाले. डेकवरच्या माणसाला उडी मारायला दोन मिनिटं मिळतात, खालच्याला शिडी चढायचीय आणि वाफेची नळी फुटलेली असते. ३० डिसेंबर १९१५ ला पर्शिया नावाचं प्रवासी जहाज क्रीटजवळ बुडालं. लंडनहून मुंबईला येत होतं, लोक जेवायला बसले होते. पाच-दहा मिनिटांत खलास. ५१९ पैकी ३४३ गेले. त्यावर कपूरथळ्याच्या महाराजांचा खजिना होता म्हणून २००३ मध्ये लोकांनी तळाशी जाऊन माणकं वर काढली. पेपरात फोटो आले माणकांचे.

दुसऱ्या लढाईत अटलांटिकमध्ये साडेपाच-सहा वर्षं हेच चाललं होतं. तीस हजारांवर व्यापारी खलाशी गेले. आणि समोरच्यांचंही सांगतो, जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चाळीस हजारांतले तीस हजार परतले नाहीत. इतकं मरण त्या लढाईत दुसऱ्या कुठल्या दलाला आलं असेल असं वाटत नाही. पगाराचं म्हणाल तर पहिल्या लढाईच्या काळात जहाज बुडालं की त्या दिवसापासून पगार बंद, असा कायदाच होता विलायतेत. होडीत बसून हात मारताय, तो वेळ तुमचा स्वतःचा!

घरच्यांना बोटीचं नाव माहीत आहे का? ते कळलं की बाकी मी मुंबईच्या ओळखीतून बघतो.

देवबागकारीण (उत्तर)

माका लढायेतला काय कळणा नाय. पणजयेची गोष्ट तेवढी सांगतंय.

तिचो घोव बसऱ्याक गेल्लो. कागद इलो तेच्यार 'बेपत्ता' लिवलेला. मेलो असा खयच नाय. मगे पणजयेन कुकू पुसूक नाय. सासू म्हणा पूस, दीर म्हणा पूस, ती म्हणा सरकारान सांगल्यार पुसतंय. पेन्शन व्हयी तर तो मेलो म्हणून अंगठो देवक व्हयो, आणि अंगठो दिलो तर कुकू पुसूक व्हया. वर्सभर ती अंगठो देयना. घरात तीन पोरा, खावक पेज. शेवटाक मोठो झील आजारी पडलो तेवा गेली कचेरीत आणि दिलो अंगठो. घराक येवन कुकू तसाच लावला. लोकांनी नावा ठेवली, ती मरासर तसाच लावी होती.

तुमच्या पाटयेर तो कैदी असात तर तेच्या बायलेचा नाव पण घाला. तिचा कोणी मोजलेला नाय.

जगबुडीकर

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. काय काय झालं ते सांगतो.

फेरफाराचा उपाय अर्धाच चालला. आमचं गाव खोती. जमिनी खोताच्या नावावर, कूळ मेलं काय जगलं काय, कागदाला पत्ता नाही. वरच्या वाडीतल्या एकाची तेवढी नोंद निघाली, "लढाईवर मयत", खाली भावाचं नाव वारस म्हणून. त्याला बायको होती हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. कागदात ती नाही. देवबागच्या ताईंचं वाचून मी मुद्दाम चौकशी केली. ती माहेरी निघून गेली म्हणतात, नाव सांगणारं कुणी उरलं नाही.

शाईपेन मॅडमनी सांगितल्याप्रमाणे नातीने संगणकावर शोधलं. कैदेत गेलेला सापडला! बसऱ्याच्या यादीत, ११० वी पलटण, बापाचं नाव बरोबर, गावाचं स्पेलिंग असं की वाचताना हसू आलं. त्याच्या घरचे आता त्या पानाचा फोटो देव्हाऱ्यात ठेवून बसलेत. मुंबईला वारलेल्याची ट्रंक माळ्यावर मिळाली, आत कागद नाही. घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात "म्युझियमच्या इस्पितळात" असं येतं. ते खुळ्यासारखं वाटायचं, पण तेव्हा फोर्टातल्या त्या नव्या म्युझियमच्या इमारतीत खरंच लष्करी इस्पितळ होतं असं कळलं, तेव्हा म्हातारे बरोबर होते.

मोहल्ल्यातल्या घरी बोटीचं नाव कुणाला आठवत नाही. त्या घरातल्या खालूंना ते वाईट वाटतंय. त्यांचं म्हणणं, नाव कोरलं नाही तरी चालेल, जुम्म्याला दुवा होते तेवढी पुरे. मी कोरा म्हणतोय.

अडलंय ते बौद्धवाडीतल्या आजोबांपाशी. मुंबई मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, घरी मेला तो लढाईत मेला कसा? सुभेदार साहेब, तुम्ही काय म्हणाल?

पलटणवाला

फौजेच्या नियमाने विचाराल तर नाही. मी ४१ च्या यादीत घालीन, मेलेल्यांच्या नाही. एकाला सूट दिली की उद्या परत आलेल्या सगळ्यांचे वारस येतील. हे कठोर वाटेल, पण यादीला शिस्त नसेल तर तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. माणगावला तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. इटलीत १० जुलै १९४४ ला पडले, वय २२, व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचंसुद्धा थडगं नाही, तिथल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे. तिथे नाव आहे म्हणून आज आपण खात्रीने बोलतो. कुणाचं मरण मोठं हा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे.

शाईपेन

साहेब, आदर ठेवून असहमत. ज्याला पुरावा ठेवायचा होता त्याने ठेवला नाही, आणि आता पुरावा नाही म्हणून आपण पुन्हा वगळायचं? ही यादी सैन्याची नाही, गावाची आहे. गावाने सैन्याचा नियम का पाळावा? सरळ लिहा, "घरी परतल्यावर १९१९ मध्ये आजाराने". खोटं काही होत नाही.

जगबुडीकर

मॅडमचं पटलं. सुभेदार साहेबांची शिस्तही सोडत नाही, ती वेगळ्या रीतीने पाळतो.

जुनी पाटी आहे तशी काढून नव्या भिंतीत बसवायची, तिचा ३ तसाच राहू दे. खाली ग्रॅनाइटवर सहा नावं, हुद्दा नाही, वाडी नाही, नुसती नावं आणि कुठे, कशाने. गोळी लागून, कैदेत, इस्पितळात, खेचरांच्या तळावर, समुद्रात, घरी. कैद्याच्या बायकोचं नाव त्याच्या पणतूने दिलंय, ते शेजारी येईल. दुसरीचं मिळालं नाही, तर तिच्यासाठी ओळ सोडायला सांगितलीय. माहेर पोलादपूरकडचं होतं एवढा धागा आहे, तिकडचं कुणी हे वाचत असेल तर निरोप टाका.

अध्यक्षांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले गणपतीत आलो की बघतो. बघू दे. पाथरवट अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा "खेचरांच्या तळावर" जरा महाग पडतंय, त्याची वर्गणी मोहल्ल्याने उचलली आहे.